हक्क कोणी सोडायचा?

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा माझ्या ऑफिसात आला. मोहोळ तालुक्यातला, तेवीस-चोवीस वर्षांचा, एम.ए. करणारा. त्याला मी ओळखत होते. आठ मार्चच्या एका कार्यक्रमात तो माझ्या आधी बोलला होता आणि मनापासून बोलला होता. मुलींना संधी देणारे आपण कोण, संधी त्यांचीच आहे, आपण फक्त वाट अडवायची नाही, असं त्याचं म्हणणं होतं. समोर बसलेल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

त्याचे वडील वारून दीड वर्ष झालं होतं. साडेचार एकर वडिलोपार्जित जमीन. वारसनोंद झालेली होती आणि सातबाऱ्यावर आई, तो आणि लग्न होऊन बार्शी तालुक्यात गेलेली थोरली बहीण अशी तीन नावं होती. तो म्हणाला, "मॅडम, ताईचं हक्कसोड करून घ्यायचंय. सोसायटीचं कर्ज काढायचं तर प्रत्येक वेळी तिला बोलवून सही घ्यावी लागतीय." हक्कसोड म्हणजे ताईने आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून द्यायचा, आणि सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणारी गावची सहकारी संस्था.

मी विचारलं, "ताईला विचारलंस का?"

"ती नाही म्हणायची नाही ओ मॅडम."

मी काही बोलले नाही. तो लबाड नव्हता. बहिणीवर त्याचा जीव होता, तिच्या बाळंतपणात तो दवाखान्यात दोन रात्री बसून होता, हे त्याच्या बोलण्यातूनच कळलं. तरीही मी विचारलं एक आणि त्याने उत्तर दिलं दुसरंच. तिला विचारलं का, या प्रश्नाचं 'ती नाही म्हणायची नाही' हे उत्तर होत नाही. या दोन वाक्यांत जेवढं अंतर आहे, तेवढं आपल्या जिल्ह्यातल्या समतेच्या चळवळीला अजून चालायचं आहे, असं मला वाटतं.

सोलापूरच्या कोर्टात मी वीस वर्षांहून जास्त काळ वकिली करते आहे. हक्कसोडीचे असले दस्त मी स्वतः लिहिले आहेत, कितीतरी लिहिले आहेत. 'माझा हिस्सा मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे' हे वाक्य मला झोपेतही म्हणता येईल. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा सख्ख्या भावाच्या नावे सोडायचा असेल तर पाचशे रुपयांचा मुद्रांक पुरतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्या दिवशी जे दिसतं ते असं: बहीण सकाळच्या एसटीने आलेली, कडेवर मूल, अंगावर ठेवणीतली साडी. भाऊ पुढे पुढे करतो, रांगेत तिच्यासाठी खुर्ची शोधतो. फोटो निघतो. अंगठा मशीनवर उमटत नाही, कारण शेतात खुरपून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मग पदराने बोट पुसून पुन्हा दाबायला सांगतात. झालं की सगळे मिळून चहा-भजी खातात आणि नवी पेठेतून बहिणीला साडी घेतात. एका बाईने असं सगळं उरकल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "मॅडम, आता माझं माहेर तुटायचं नाही ना?"

ती सही कशासाठी करत होती ते मला त्या दिवशी नीट कळलं. जमिनीचा मोह नाही म्हणून नव्हे. सही दिली नाही तर दिवाळीला, पंचमीला त्या दारात पाय ठेवता येणार नाही, ही भीती होती. मोबदला न घेता असं कागदावर लिहिलेलं असतं, पण माहेरपण हाच त्या सहीचा मोबदला असतो, आणि तो तिला आधीपासूनच मिळायला हवा होता.

कायदा तिच्या बाजूने कधीच उभा राहिला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लेकीला, तिचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते या वादात पुढची पंधरा वर्षं गेली. तोही ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिटवला आणि हा हक्क जन्मानेच मिळतो, असा निकाल दिला. मुस्लिम कुटुंबात हिश्श्याचा हिशोब वेगळा असतो, पण बहिणीकडून सही करून घेण्याची रीत तिथेही मी पाहिली आहे. एवढा कायदा हाताशी असून २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांमध्ये बायकांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं. शेतात राबणाऱ्या बायका किती, हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला गणनेतून सांगायची गरज नाही. ज्वारी काढायच्या दिवसांत मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने एकदा जावं.

मी हे मुद्दाम तरुणांच्या चळवळीच्या संदर्भात लिहिते आहे, कारण त्या चळवळीबद्दल मला आस्था आहे. आपल्याकडे १२ जानेवारीला जिजाऊ जयंती असते, विवेकानंद जयंती असते आणि सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिनही असतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा त्याच सुमारास भरलेली असते. या दिवसांत शहरातल्या महाविद्यालयांत भाषणं होतात, पथनाट्यं होतात, आणि मुलं-मुली स्त्री-पुरुष समतेवर जे बोलतात ते वीस वर्षांपूर्वीच्या पोरांपेक्षा फार पुढचं असतं. मासिक पाळीवर मुलगे मोकळेपणाने बोलताना मी ऐकले आहेत. आमच्या काळी तो शब्दही तोंडातून निघत नव्हता.

पण या सगळ्या बोलण्यात समता म्हणजे मुलीने काय मिळवायचं एवढंच येतं. तिने शिकावं, धाडस करावं, पुढे यावं. मुलाने काय सोडायचं, हे येत नाही. जमीन मोजलेली असते. साडेचार एकरात बहिणीला दीड एकर मिळायचं असेल तर ते दीड एकर भावाच्या ताब्यातून जाणार. खुर्चीचंही तसंच. जो मुलगा समतेची बाजू घेतो त्याला कधी ना कधी स्वतःच्या ताटातलं काही काढून द्यावं लागणार आहे, आणि ती वेळ व्यासपीठावर येत नाही, घरात येते, बहुतेक वेळा वडिलांच्या तेराव्यानंतर येते.

याचा बायकांच्या नेतृत्वाशी काय संबंध, असं कोणी विचारेल. आपल्या जिल्ह्यात तर फारच जवळचा संबंध आहे.

राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर येतो. माढा, माळशिरस, पंढरपूर, मोहोळ या पट्ट्यात खरी सत्ता कुठे असते ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ऊस कधी तुटणार, बिल कधी निघणार, कर्ज कोणाला मिळणार, पोराला नोकरी कुठे लागणार, हे कारखान्याच्या, सोसायटीच्या आणि बँकेच्या संचालक मंडळात ठरतं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, महापालिका इथे महाराष्ट्राने २०११ पासून बायकांना ५० टक्के जागा दिल्या. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात मात्र कायद्याने बायकांसाठी राखीव असतात दोन जागा. मंडळ एकवीस जणांचं असलं तरी दोनच. उरलेल्या जागा बायकांना बंद नाहीत, कोणीही उभं राहावं. पण उभं राहायचं तर आधी सभासद असावं लागतं. ऊस उत्पादक सभासद व्हायचं तर जमीन नावावर लागते. आणि जमीन नावावर नाही, कारण ती सही करून दिलेली आहे. म्हणजे ज्या दिवशी बहीण दुय्यम निबंधकाकडे अंगठा देते त्या दिवशी ती दीड एकराबरोबर कारखान्याचं मतही देऊन टाकते, सोसायटीची उमेदवारीही देऊन टाकते. या हिशोबाकडे कोणी लक्ष देत नाही. मी दस्त लिहीत होते तेव्हा माझ्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या ५० टक्क्यांवर नेहमीचा आक्षेप असतो की बाई नावापुरती असते आणि कारभार नवरा बघतो. सरपंचपती, नगरसेवकपती हे शब्द आपल्याकडे इतके रुळले आहेत की लग्नपत्रिकेतही छापलेले मी पाहिले आहेत. पंचायतराज मंत्रालयाच्या समितीने २०२५ मध्ये यावर कडक दंडाची शिफारस केली. दंड व्हावाच. पण या आक्षेपावरून आरक्षण फोल आहे असा निष्कर्ष जे काढतात त्यांच्याशी माझं मुळीच पटत नाही. पश्चिम बंगालमधल्या ४९५ गावांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत आरक्षणामुळे दोनदा बाई प्रमुख झाली होती, तिथल्या किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली होती आणि शिक्षणातला फरक तर पुसला गेला होता. त्या सगळ्या बायका काही स्वतंत्र बाण्याच्या नसतील, काहींचे नवरे मिटिंगला येतच असतील. तरी खुर्चीवर बाई बसलेली पोरींनी रोज पाहिली, आणि आईबापांनीही पाहिली. पाहण्याने एवढा फरक पडतो.

आपल्या शहराचंच घ्या. २०१७ पासून महापालिकेची मुदत संपेपर्यंत आधी शोभा बनशेट्टी आणि मग श्रीकांचना यन्नम अशा सलग दोन महिला महापौर होत्या. लोकसभेचा सोलापूर मतदारसंघ १९५२ पासूनचा, आणि तिथून पहिली महिला खासदार, प्रणिती शिंदे, निवडून आल्या त्या २०२४ मध्ये. मधल्या बहात्तर वर्षांत इथल्या बायकांना राजकारण कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये. विडी कामगार बायकांचे मोर्चे ज्याने पाहिले आहेत तो तर म्हणणारच नाही. त्यांना उमेदवारी द्यावी असं कुणाला वाटलं नाही, एवढंच. लोकसभा आणि विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांचा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये झाला खरा, पण तो जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांना बांधलेला आहे. तोवर पक्षांना कोणी अडवलेलं नाही, आपणहून उमेदवारी देता येते. तरुणांनी प्रत्येक पक्षाच्या शहराध्यक्षाला हा प्रश्न विचारावा.

आणि हे शिकायचं कुठे, तर महाविद्यालयात. तिथे काय आहे? २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका परत आणल्या. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी अशी रचना. निवडणुका मात्र लांबतच राहिल्या, आणि एक पूर्ण पिढी मत न देता, उमेदवारी अर्ज न भरता पदवी घेऊन बाहेर पडली. माझ्या मते ही आपल्या सार्वजनिक जीवनातली मोठी चूक आहे आणि तिचा फटका मुलींना दुप्पट बसला. मुलाला नेतृत्वाचे धडे गल्लीतल्या मंडळात गिरवता येतात. गणपतीची वर्गणी गोळा करताना, मिरवणुकीची परवानगी काढताना, लेझीमचा सराव घेताना तो शिकतो. मुलीला महाविद्यालय ही एकच जागा होती.

त्यातही 'महिला प्रतिनिधी' या पदाने एक घोळ केला आहे. पद चांगल्या हेतूने ठेवलं, पण सगळ्यांच्या डोक्यात असं बसलं की मुलींसाठी ते एक आहे, म्हणजे बाकीची मुलांसाठी. स्नेहसंमेलनाची समिती नेमताना आजही मुलींकडे रांगोळी, स्वागत आणि सूत्रसंचालन जातं, मुलांकडे पैसे, मंडप आणि साउंडवाला. सूत्रसंचालन करणारी मुलगी सर्वांना दिसते, पण साउंडवाल्याशी घासाघीस करून पाच हजार वाचवायला शिकतो तो मुलगा. पुढे नगरपालिकेत उपयोगी पडतं ते दुसरं. मुलींनी भांडायचंच असेल तर हिशोबाच्या वहीसाठी भांडावं. आणखी एक गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावेत आणि ते निवडून यावेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत लिहिलेलं आहे. आपल्या महाविद्यालयात ते कोण आहेत आणि कधी निवडून आले, एवढा एक अर्ज प्राचार्यांकडे द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

एवढं सगळं जमिनीबद्दल बोलले, पण शहराच्या पूर्व भागात ज्यांच्याकडे गुंठाही नाही त्यांचं काय?

दत्तनगरच्या बाजूला माझी एक अशील राहायची. पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. तिच्याकडे गेलं की ती उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली असायची. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापावर ठेवायचं, कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांत एक वळसा, दोऱ्याची गाठ. बोलताना तिची नजर माझ्याकडे असायची आणि हात चालूच असायचे. हजार विड्या झाल्या की विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये न्यायच्या, आणि तिथे छाट काढतात, म्हणजे नापास विड्या बाजूला फेकतात, त्यांचे पैसे नाहीत. तिची मुलगी बी.कॉम.ला होती. कॉलेजातून आली की दप्तर ठेवून आईच्या शेजारी बसायची, कारण हजाराचा आकडा एकटीने संध्याकाळपर्यंत गाठला जात नव्हता. मुलगाही कॉलेजात होता. तो सुपाला हात लावत नव्हता. त्याला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, आणि लाव असंही सांगितलेलं नव्हतं. घरातला निम्मा खर्च ज्या कामातून निघत होता ते काम बायकांचं म्हणून ठरलं होतं, आणि ते कुणी ठरवलं हे आईलाही आठवत नव्हतं.

हे कुटुंब पुढे कुंभारीला गेलं. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती वसाहत सोलापूरकरांना सांगायला नको. दहा हजार घरं, विडी कामगार बायकांसाठी, कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि लाल बावट्याच्या कामगार संघटनेच्या लढ्यातून उभी राहिलेली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या लोकार्पणाला आले होते. विडी कामगार म्हणून कार्ड बाईचं, म्हणून घर बाईचं. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या अशीलाने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून मला दाखवला. वकीलबाई म्हणून नव्हे, नुसता बघायला. तिच्या नावाखाली बोट ठेवून ती म्हणाली, "हे मीच." पाच वर्षांपूर्वी हीच बाई नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार मागे घ्यायला माझ्याकडे आली होती, कारण घर त्याचं होतं आणि जायला जागा नव्हती. आता मारहाण थांबली होती. नवरा बदलला असेल की नाही मला सांगता येणार नाही, पण घरातून कोणी कोणाला काढायचं याचं उत्तर बदललं होतं. दोन वर्षांनी ती वसाहतीतल्या पाण्याच्या प्रश्नावर इतर बायकांना घेऊन कार्यालयात गेली, अधिकाऱ्यासमोर बोलली. कोणतंही नेतृत्व शिबिर तिने केलेलं नव्हतं.

म्हणून मी म्हणते की बाईचं नाव कागदावर चढणं ही मूळ गोष्ट आहे. १९८६ मध्ये चांदवडच्या अधिवेशनात लाखो शेतकरी बायका जमल्या, आणि त्यानंतर शेतकरी संघटनेने बायकोच्या नावे जमीन करण्याची लक्ष्मी मुक्ती मोहीम हाती घेतली. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या सांगण्यावरून गावोगावच्या पुरुषांनी आपणहून नाव चढवलं. पुढे सरकारनेही पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय करून दिली.

आणि आपल्या करमाळ्याचं उदाहरण तर कालपरवाचं आहे. महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात विधवा बाईच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची रीत जवळून पाहिली. आपल्या मागे आपल्या पत्नीवर असं काही लादू नये, हे त्यांनी मुद्रांकावर लिहून दिलं. आधी स्वतःपुरतं, मग इतरांना. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. हे सारं सुरू झालं ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका पुरुषाने स्वतःच्या घराबद्दल लिहिलेल्या कागदापासून. पुरुषाने करायची हक्कसोड असते ती अशी.

ज्यांना हे सगळं बाहेरून आलेलं वाटतं त्यांनी सिद्धरामेश्वरांची आठवण ठेवावी. ज्यांच्या नंदीध्वजांपुढे आपण जानेवारीत हात जोडतो ते आपले ग्रामदैवत बाराव्या शतकातले वचनकार, म्हणजे कन्नड वचनं रचणारे संत होते. बसवण्णांच्या अनुभवमंटपात, म्हणजे संतांच्या चर्चासभेत, त्यांचं स्थान होतं, आणि परंपरा सांगते की त्याच मंटपात संत कवयित्री अक्कमहादेवीने अल्लमप्रभूंच्या कठोर प्रश्नांना भर सभेत उत्तरं दिली.

आता आक्षेपांकडे येते. लग्नात खर्च केला, सोनं घातलं, तोच तिचा हिस्सा, हे मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं. मंगल कार्यालयाचं भाडं आणि हजार पानांची पंगत तिच्या नावावर जमा होत नाही. सोन्याचं म्हणाल तर ते सासरच्या कपाटात जातं. दुसरा आक्षेप जमिनीचे तुकडे होतात हा. दोन भावांत तुकडे होतात तेव्हा मात्र कुणाला हा प्रश्न पडत नाही. आणि नाव ठेवणं म्हणजे बांध घालणं नव्हे. खातं सामाईक ठेवून भावाने कसावी, बहिणीचं नाव राहू द्यावं, कर्जाच्या सहीची अडचण असेल तर तेवढ्यापुरतं मुखत्यारपत्र करावं. तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो मला छळतो. बहिणींनाच नको असतं, त्या स्वतःहून सही करतात. करतात, मान्य. पण नको म्हणण्याची सोय आहे अशा ठिकाणी बसून ज्या होकाराची परीक्षा कधी झालीच नाही तो होकार मी कायद्याच्या पुस्तकाबाहेर होकार मानत नाही. रस्त्याला जमीन गेली आणि भरपाईच्या याद्या निघाल्या की याच बहिणींच्या सह्यांसाठी गाड्या पाठवल्या जातात, तेव्हा त्यांची किंमत सगळ्यांना कळलेली असते.

बालविवाहाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे युक्तिवादाची गरज नसावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आपल्या जिल्ह्यात ते प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होतं. दहा मुलींतल्या चार. त्या चौघींसमोर नेतृत्वावर कसलं भाषण करायचं? लग्न ठरल्याची बातमी सर्वात आधी वर्गातल्या मुलांना लागते. १०९८ ला फोन करायला एक मिनिट लागतं आणि नाव सांगावं लागत नाही. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. फोन करणाऱ्या मुलांना गाव नावं ठेवतं, हे मला ठाऊक आहे. तरीही करायचा.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात दरवर्षी भिंती रंगवल्या जातात. एक दिवस भिंत राहू द्यावी. सातबारा आता मोबाइलवर फुकट पाहता येतो. गावातल्या मुलामुलींना घेऊन बसावं आणि प्रत्येकाने आपापला सातबारा उघडावा. आईचं नाव आहे का, आजोबांच्या पश्चात आत्याचं होतं का, कोणत्या फेरफाराने गेलं. मी एका शिबिरात हे करून पाहिलं. पहिली दहा मिनिटं हसणं-खिदळणं चाललं होतं. मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे 'हक्कसोडपत्राने कमी' म्हणजे काय?" ती तिच्या आत्याची नोंद होती. मी समजावून सांगितलं तेव्हा तिच्या शेजारी बसलेला तिचा चुलतभाऊ स्क्रीनकडेच बघत राहिला. त्या दिवशी तिथल्या एकाही मुलाला मी उपदेश केला नाही. नावं त्यांनीच मोजली.

मोहोळचा तो मुलगा त्या दिवशी थोडा नाराज होऊन गेला होता. मी त्याला एवढंच म्हटलं होतं की ताईला घेऊन ये, तिच्याशी मी एकटी बोलेन, त्यानंतर ती म्हणेल तो दस्त करू. तो दुसऱ्या वकिलाकडे जाईल असं मी धरून चालले होते.

दिवाळीनंतर तो आला. बरोबर ताई होती, आईही होती. मी दोघांना बाहेर बसवलं आणि तिला विचारलं. ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "वाटणी करून घ्यायची आहे. पण मला ओढ्याकडचं पाहिजे. तिथं मी नी अण्णांनी सीताफळं लावलीत."

मी दार उघडून त्याला आत बोलावलं. त्याने ऐकलं, खाली मान घालून थोडा वेळ बसला आणि मग विचारलं, "तिकडं पाणी कमीय, चालंल का तुला?" ती म्हणाली, चालेल. मी कोरा कागद घेतला आणि तिच्या दीड एकराच्या चतुःसीमा विचारायला लागले. पूर्वेला ओढा. दक्षिणेला गाडीवाट. उत्तरेला शेजाऱ्याचा बांध. पश्चिमेला काय, म्हणून मी वर पाहिलं तर दोघंही एकदमच बोलले.